डांबर लागलेले मुतखडे

३ मार्च
एका बाईंनी आज दोन मुतखडे आणून दिले. औषधाच्या बाटलीत, कापसावर निजवून! डॉक्टरसाहेबांनी ते रुमालावर मांडून शिकाऊ डॉक्टरांना दाखवले आणि मग लॅबमध्ये पाठवले.
मी भिंगाखाली धरले. एकाला डांबर लागलेलं. वीस वर्षं लॅबमध्ये काढली, माणसाच्या मूत्रपिंडात डांबर होत नाही इतकं तर मला कळतं.

४ मार्च
दुसरा खडा ठेचून पाहिला. आम्लात टाकला. ढिम्म. सरळसरळ खडी आहे. समोरचा रस्ता खणलाय, तिथलाच माल.
घरी सांगायला गेले तर नवरा म्हणाला, "जेवताना नको."

६ मार्च
डॉक्टरसाहेबांना सांगितलं. आधी चेहरा पडला, मग एकदम खुलले. "मला पहिल्यापासून शंका होती." होती म्हणे! रुमालाला ठाऊक.
मग त्या बाईंचा मागच्या महिन्यातला लघवीचा रिपोर्ट काढला. त्यात रक्त. "बोट टोचून घातलं असणार," ते म्हणाले. मलाही पटलं. मीच रिपोर्टवर लिहिलं – नमुन्यात भेसळ असावी. खाली सही ठोकली.

७ मार्च
खडीवाल्या बाईंना आज समोर बसवलं. मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. वाटलं, रडतील, नाहीतर भांडतील. तर शांतपणे म्हणाल्या, "हो, रस्त्यावरचेच आहेत."
"मग आणले कशाला?"
"तीन महिने कुशीत दुखतंय. तुम्हीच म्हणालात, एक्स-रेत काही नाही, खडा पडला तर घेऊन या, मग सोनोग्राफीचं बघू. पडेना. म्हणून आणले."
काय पण उत्तर! मला हसू आवरेना.
"आणि रक्त?"
"ते माझंच आहे."
"ते आम्हालाही माहीत आहे. कुठल्या बोटातलं?"
बाईंनी दहाही बोटं टेबलावर ठेवली. नाटक करावं तर असं. डॉक्टरसाहेब फाईलमध्ये लिहीत होते. मी घड्याळ बघत होते, माझे नमुने खोळंबले होते.
फाईलवर शेरा पडला – बनाव. सोनोग्राफी नाही. आता बाई कुठेही गेल्या तरी हा शेरा त्यांच्या आधी पोचणार.

१२ मार्च
डॉक्टरसाहेबांनी 'खोटे आजार कसे ओळखावेत' यावर भाषण ठोकलं. पडद्यावर माझ्या खड्यांचा फोटो, टाळ्या त्यांना. माझा उल्लेख 'आमची लॅब'. म्हणजे मी आणि फ्रीज.

१९ एप्रिल
समोरचा रस्ता झाला एकदाचा. आता मुतखड्याचे पेशंट कमी होतील.

२३ जून
दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन करून काढलेलं मूत्रपिंड आमच्याकडे तपासणीला आलं. वरच्या टोकाला लिंबाएवढी गाठ. रजिस्टरमध्ये नाव उतरवताना हात थांबला. खडीवाल्या बाई.
सोबत तिथल्या सर्जनची चिठ्ठी – पेशंट म्हणते, लघवीतलं रक्त तुमच्या लॅबमध्ये फेब्रुवारीतच सापडलं होतं. तो रिपोर्ट पाठवावा.
काढून ठेवलाय. अजून पाठवला नाही.