तांदळातलं नाव

नाशिक, सिडको. शुक्रवार, जानेवारी १९९६

आज शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. उखाण्यात ह्यांचं नाव घेतलं आणि परतताना जिन्यात एकदम वाटलं, माझं नाव ह्यांनी शेवटचं कधी घेतलं? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मंजिरी' लिहिलं ते ह्यांनीच. केवढ्या हौसेने! आता नुसतं 'अगं', नाहीतर 'चिनूची आई'. दिवसभर ह्या घरात मीच असते, आणि...

संध्याकाळी चहा देताना म्हटलंच, "एकदा नावाने हाक मारा ना मला."

"हे काय मध्येच?" पेपरमागून हसले. "कुठल्या? माहेरच्या की सासरच्या?"

फार मागितलं का मी? स्वयंपाकघरात आले. पोळपाटावरच्या पिठात बोटाने 'मंजिरी' लिहिलं, तांदळात होतं तसंच. मग त्यावरच पोळी लाटली.

मला कुठल्याही नावाने चाललं असतं.