लुगडं कुणाच्या हातचं?

३० मार्च २०२५, रविवार. पाडवा.

जिने सृष्टीचा पहिला धागा ओढला, त्या आदिमायेला नमन. तिच्या कृपेवाचून सुईच्या नेढ्यातून दोराही जात नाही — माझ्या हातून तर आता जातच नाही! म्हणून यंदाचे नमन नेहमीपेक्षा लांब.

देवीच्या लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, आज मागावर चढला. उचगावपलीकडे आमचे मूळ गाव. तिथल्या ग्रामदेवतेची यात्रा एकवीस वर्षांनी येते. यात्रेत देवीचे लग्न लागते आणि लग्नाचे हिरवे लुगडे आमच्या घराने विणायचे, हा चार पिढ्यांचा मान. मागच्या खेपेस मी पंचावन्न वर्षांचा होतो. आता शहात्तर.

नियम एकच, परंतु कडक. लुगडे एकहाती असावे. अक्षता पडण्यापूर्वी पुजारी सर्वांसमक्ष तीनदा विचारतो, "लुगडं कुणाच्या हातचं?" विणणाऱ्याने देवीकडे पाहून आपले एकट्याचे नाव घ्यायचे. वडील सांगत, "दुसऱ्याचा हात लागला की ते देवीचं न्हाय, बाजाराचं."

माझे कुटुंब, सौ. रुक्माबाई, हिने आठवडाभर बसून आडव्या धाग्याच्या कांड्या भरून ठेवल्या. तेवढे बायकांचे काम नियमात बसते.

लग्न २९ एप्रिलला. तीस दिवस. नऊ वार. आणि दीड डोळा.

२ एप्रिल, बुधवार

बेळगावात डोळे दाखवून आलो. डॉक्टर नातवाच्या वयाचा. काचबिंदू म्हणाला. "आप्पा, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती सांभाळू या. थेंब चुकवू नका."

"महिनाभर पुरेल का?" मी विचारले.

तो हसला. त्याला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे!

घरी कुणाला सांगितले नाही. रुक्माबाईला म्हटले, चष्म्याचा नंबर वाढला, थेंब जळजळीचे आहेत. "व्हय व्हय," एवढेच म्हणाली.

डावा डोळा जवळजवळ गेलाच. उजव्याने वेळूच्या पोकळीतून पाहावे तसे दिसते. मध्य स्वच्छ, कडा नाहीत. आणि मला नेमका काठच विणायचा आहे.

५ एप्रिल, शनिवार

काठ करवती आहे. लाल आणि हिरवा जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दात. एकेक दात नऊ धाग्यांत चढतो, नऊ धाग्यांत उतरतो. वडिलांनी ही मोजणी आकड्यांनी शिकवलीच नाही. नवविधा भक्तीने शिकवली. श्रवण म्हणत धोटा टाकायचा, कीर्तन म्हणत परतवायचा, मग स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य. आत्मनिवेदनाला दात टोकास पोचतो. उतरताना तीच उलट. साठ वर्षांत पूजा निराळी करावी लागली नाही.

आज शेवटच्या दातात एक भक्ती गळाली. सख्य. दास्यावरून थेट आत्मनिवेदनावर गेलो! उसवू पाहिले तर धागाच सापडेना. तसेच सोडले. चार वाजत आले, देवळात पोथी सांगायची वेळ.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

सकाळी मागावर बसलो आणि पहिल्याने कालचा दात चाचपला. नऊ चढते. नऊ उतरते. भिंग लावून पाहिले. बिनचूक!

मीच काल चुकीचे मोजले काय? नाही. सख्य गळाले होते, हे मला पक्के ठाऊक आहे.

आई, तुझी करणी. दुसरे काय म्हणू?

९ एप्रिल, बुधवार

देवळातील पोथी मी आता वाचत नाही. पाठ आहे तीच म्हणतो आणि मधूनमधून अंदाजाने पान उलटतो. आज चार ओव्या पुढे गेलो आणि पान उलटायचे राहिले. नेहमी खांबाला टेकून डुलक्या घेणारा भावकू नेमका जागा. "आप्पा, पान न्हाय उलटलं! का देवानं डोळ्यातच छापलंय?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना पायरीचा अंदाज चुकला.

१३ एप्रिल, रविवार

नागेंद्रला, माझ्या मुलाला, आज सुटी. तो मागाशेजारी उभा राहून पुष्कळ वेळ पाहत होता.

"आप्पा, तीन धागे टाकायला पाच मिनटं लागाल्यात तुमास्नी. आपल्या गल्लीत पावरलूमवर दोन दिसांत निघतंय असलं लुगडं. देवीला काय कळतंय?"

मी उत्तर द्यायच्या आत रुक्माबाई चुलीपासून बोलली, "देवीला कळंना का. तुझ्या बाला कळतंय न्हवं?"

"बाला तर काय दिसंना बी."

"दिसत न्हाय त्येला मग कळायला लागतंय. तुला दोनी न्हाय!"

तो चप्पल घालून बाहेर पडला. माझ्या मनात मात्र कुसळ राहिले. मुलालाही कळले तर! मी काय लपवतो आहे आणि कुणापासून?

फक्त या वहीपासून काही लपवत नाही. ती मागाशेजारच्या कोनाड्यात उघडीच असते. या घरात मराठी वाचणारे दोघे, मी आणि नागेंद्र. नागेंद्रला मोबाइलबाहेरचे अक्षर वाचायला सवड नाही. रुक्माबाई संकेश्वरच्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेली. तिला माझी अक्षरे म्हणजे मुंग्यांची रांग.

१६ एप्रिल, बुधवार

शेवटचे दोन दात वाकडे. उसवण्याचे बळ नाही. आई, तूच पाहा.

१७ एप्रिल, गुरुवार

पाहिलेस! दोन्ही दात सरळ झाले.

या महिन्यात असे कितव्यांदा झाले, मोजणे सोडले. चूक लिहितो, देवळात जातो, परत येतो. सकाळी चूक नसते.

शास्त्र सांगते, कर्ता तू नव्हेस, निमित्त आहेस. जन्मभर हे तोंडाने म्हणालो. मनात मात्र प्रत्येक लुगडे उतरले की "हे माझे" असेच वाटे. बाजारात शंभर लुगड्यांच्या थप्पीतून माझे मी डोळे मिटून ओळखी, आणि त्याचा मला केवढा गर्व! विणकराचा ठोका त्याच्या अक्षरासारखा असतो. धागा ठोकणारी माझी फणी दोनदा हलके पडते, दुसऱ्या कुणाची तशी पडत नाही.

आता जे होते आहे ते खरोखर माझे नव्हे. मग आनंद व्हायला हवा. होत नाही. हातातले काम देवीने काढून घेतले की देवीने हातभार लावला, हे ठरवणे माझ्या बुद्धीपलीकडचे आहे. मी फक्त पावडीवर पाय ठेवून बसलेला आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

लुगडे उतरले. नऊ वार पूर्ण. नागेंद्रने घडी धरली. रुक्माबाईने नारळ वाढवला.

सगळे उठून गेल्यावर लुगडे मांडीवर घेतले. मागावर असताना विणलेले कापड तुरीवर, म्हणजे पुढच्या दांड्यावर, गुंडाळत जाते, सलग हाताखाली येत नाही. आज प्रथमच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटे फिरवली. डोळे मिटूनच. उघडून तरी काय!

टोकापासून तीन हात अंतरावर बोट थांबले. दोन बोटे रुंदीचा पट्टा, जरा घट्ट. पुढे पुन्हा माझा हलका दुहेरी ठोका. मग पुन्हा तसाच पट्टा. अकरा पट्टे सापडले. त्यांत फणी एकदाच पडलेली, पण निग्रहाने.

हा ठोका देवीचा नव्हे. देवीला फणी कशाला लागते! हे माणसाचे अक्षर आहे.

मी हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"तू मागावर बसलीस?"

"बसले."

"केव्हा?"

"तुमी देवळात गेल्यावर. चार ते सहा. नागेंद्र कामावर असतोय."

"देवीच्या लुगड्याला?"

"मग काय वाकडं दात घिऊन देवी बोहल्यावर चढंल? माझ्या म्हायेरी माग हुता. लग्नाआदी मी इनत हुते. तुमी कवा इचारलंच न्हाय."

खरेच कधी विचारले नाही. एक्कावन्न वर्षे हिने कांड्या भरल्या आणि मी समजलो, हिला तेवढेच येते.

"कशी मोजलीस?"

"कन्नडात. ओंदु, एरडु, मूरु. दुसरं कसं मोजत्यात?"

मी रागावलो. फार रागावलो. नियम मोडला म्हणालो. चार पिढ्यांचा मान म्हणालो. ती ऐकत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं? आता जेवून घ्या."

राग तिचा नव्हे. महिनाभर मी ज्याला देवीची करणी समजून डोळे भरून घेत होतो, ते माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे चालले होते. हे न कळण्याइतका मी आंधळा — आणि हा आंधळेपणा काचबिंदूचा नव्हे.

२६ एप्रिल, शनिवार

तीन दिवसांत नवे लुगडे विणणे अशक्य. विणले तरी माझे डोळे पुरे पडायचे नाहीत. पावरलूमचे नेणे म्हणजे दुसरा अपराध. हे न्यावे तर पुजारी विचारणारच.

माझे एकट्याचे नाव घ्यावे तर देवीसमोर असत्य. दोघांचे घ्यावे तर लुगडे नाकारतील, आणि लग्नाच्या दिवशी देवी कोऱ्या वस्त्रावाचून उभी राहील.

सकाळी रुक्माबाईला विचारले, "काय करू?"

ती तांदूळ निवडत होती. "लग्नाचंच लुगडं न्हवं? लगीन काय एका हातानं लागतंय?"

तिला सारे सोपे. मला पोथीतले अठरा अध्याय पाठ. पण त्यांतला एकही आज उत्तर देत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

ओळी सरळ येत नसतील. दिसत नाही. लिहायलाच हवे म्हणून लिहितो.

गाव लोटले होते. ढोल, भंडारा, नवी रंगवलेली लाकडी मूर्ती. मला तिचे फक्त मळवट दिसले, वेळूच्या पोकळीतून. बाकी सारे धुके. नागेंद्रने दंडाला धरून पुढे नेले. पुजारी परशराम याने लुगडे दोन्ही हातांवर घेतले आणि विचारले, "लुगडं कुणाच्या हातचं?"

मी उत्तर ठरवून गेलो नव्हतो.

"लुगडं कुणाच्या हातचं?"

नागेंद्र कानाशी कुजबुजला, "आप्पा, नाव घ्या की." ढोल थांबला होता.

तिसऱ्यांदा विचारले तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "रुक्माबाईच्या. आणि माझ्या."

तिचे नाव आधी का आले, मला ठाऊक नाही.

गलका झाला. कुणी म्हणाला, लुगडं बाटलं. कुणी म्हणाला, मुहूर्त चाललाय. परशराम लुगडे तसेच धरून उभा. पुढे काही करणे माझ्या हाती उरलेच नव्हते. तेवढ्यात बायकांतून म्हातारी नागुबाई ओरडली, "अरं बाबांनो, कांड्या कोन भरतंय? तुमचा आजा भरत हुता? मग एकहाती कवा हुतं रं ते?"

बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. पंच बराच वेळ बोलत होते, मला ऐकू आले नाही. शेवटी एवढेच कानावर पडले, "नेसवा आता. पुढल्या खेपंचं पुढं बघू."

अक्षता पडल्या.

पुढली खेप एकवीस वर्षांनी. तेव्हा आम्ही दोघेही नसू. मान आमच्या घरात राहील की जाईल, कोण जाणे. बहुधा गेला.

३० एप्रिल, बुधवार. अक्षयतृतीया.

हे अक्षर माझे नव्हे. मी सांगतो आहे, लिहिते आहे सौ. रुक्माबाई. सकाळी वही चाचपत होतो. तिने हातातून पेन काढून घेतले. मी विचारले, मराठी कधी शिकलीस?

माजं मीच लिवते. तुमी रोज सकाळी घरात बी पोथी मोठ्यानं वाचायचा. ऐकून ऐकून मला पाठ झाली. एकदा तुमी नसताना पोथी उगडली आनि पाठ हुतं ते अक्षराला लावत गेले. वीस वर्सं झाली. वही बी तवापास्नं वाचते. न्हायतर कुटला दात चुकला ते मला कोन सांगनार? देवीची करनी म्हून लिवलं तवा लई हसू आलं. चष्म्याचा नंबर म्हनं! त्या दिसापास्नं रातचं थेंब घातल्यात का न्हाय, बाटली धरून बगते. कालचं पान लई कष्टानं लागलं. वळीवर वळ चडलिया. म्हून म्हटलं, आता मी लिवते.

तिचे लिहून झाले. आता माझे. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहिली नव्हती. आणि वीस वर्षे वाचली गेली. आता काय लपवू? जी लिहिते आहे तिचे कल्याण असो. पुढे ज्याच्या हाती ही वही पडेल त्याचेही असो. वाचणाऱ्या प्रत्येकाचा चुकलेला धागा, तो घरी नसताना, कुणी तरी हलक्या हाताने उसवून नीट विणावा.