ब्रेकवरचा पाय

आदरणीय ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, त्यामुळे थोडा कमी वाकलो असेन तर समजून घ्या.) तुमचे गुडघे आणि साडूंचा खोकला, दोन्ही काबूत असतील अशी आशा आहे. दाव्याचा निकाल लागला आणि तुमची बहीण जिंकली, हे फोनवर तुम्हाला कळलंच. पण फोनवर ती 'झालं एकदाचं' एवढंच बोलली असणार, आणि मी जे डोळ्यांनी पाहिलं ते दोन शब्दांत मावणारं नाही. नमनाला घडाभर तेल जातंय याची कल्पना आहे, तरी शेवटपर्यंत वाचा.

अपघात तुम्हाला माहीत आहे. सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणारी बाई, शेजारी शिकायला आलेले एक दंतवैद्य, गाडी सिग्नलला उभी, आणि मागून सिमेंटचा ट्रक आला. दंतवैद्यांना खरचटलंही नाही, हिलाही नाही. गाडीचा मागचा भाग मात्र पुढच्या भागाला भेटायला आला. ('भेटायला' हा शब्द मेकॅनिकचा.) दुसऱ्या दिवसापासून तुमच्या बहिणीचा उजवा पाय तिचा राहिला नाही. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो ती आता बसेल तिथे दाबू लागली. सोफ्यावर, बँकेत, त्या दंतवैद्यांच्या खुर्चीतसुद्धा. मी साखरेच्या डब्याकडे जरा घाईने हात नेला तरी टेबलाखाली पाय दाबला जायचा. महिनाभरात तिथली चटई झिजली. मी हसायचो. मग एक दिवस ती दुरुस्त होऊन आलेल्या गाडीपाशी गेली, दार उघडलं, बंद केलं, आणि घरात येऊन शिकणाऱ्यांना एकेक फोन करून दुसरा शिक्षक शोधायला सांगितलं. तेव्हा माझं हसू आटलं.

ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं: हाड मोडलेलं नाही, टाका पडलेला नाही, मग भरपाई कशाची? त्यांनी पाठवलेल्या फॉर्मवर माणसाच्या शरीराचं चित्र होतं आणि इजा झाली तिथे फुली मारायची होती. हिने बराच विचार करून चित्राच्या बाहेर, कोऱ्या कागदावर फुली मारली. आमच्या वकीलबाई (हिच्याकडेच गाडी शिकलेल्या, तीनदा नापास, चौथ्यांदा पास) ती फुली पाहून म्हणाल्या, "मॅडम, आपण कोर्टात जाऊ."

कोर्टात पहिली साक्ष माझी. ताई, लपवत नाही, मी सपशेल तोंडघशी पडलो. जोर यावा म्हणून सांगून टाकलं, की ही रात्ररात्र रडते, अन्नाला शिवत नाही. तर ही उठून उभी राहिली आणि न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, हे खरं नाही. मी नीट जेवते. साडेदहाला झोपते. यांना माझी काळजी आहे, एवढाच त्याचा अर्थ." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मी जो खाली बसलो तो मान वर केली नाही.

मग समोरच्या वकिलांनी हिला विचारायला घेतलं. माणूस सभ्य होता, पण आयतं हाती आलेलं कोण सोडतो?

"जेवता, झोपता, घर सांभाळता. मग अपघातात तुमचं गेलं तरी काय?"

ही म्हणाली, "माझ्या शेजारी बसणाऱ्याला वाटायचं, बाई आहेत, काही होणार नाही. तेवढ्यावर तो शिकायचा. आता त्याच्याआधी मीच घाबरते, आणि त्याला ते दिसतं. असं शेजारी बसून फी घेणं मला जमत नाही."

"आज इथे कशा आलात?"

"चालत."

"कुठून?"

"घरून. नऊ किलोमीटर आहे. सव्वासातला निघाले."

वकील कागद चाळत राहिले. (मी फाइल घेऊन बसने आलो होतो, हे त्यांनी विचारलं नाही हे त्यांचे उपकार.) न्यायाधीशांनी उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि मनाला बसलेल्या धक्क्याची भरपाई, सगळं द्यायला लावलं. निकालात लिहिलंय, 'स्वतःच्या पतीची खोटी मदत नाकारणाऱ्या साक्षीदारावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही.' ही ओळ मी चौकटीत लावणार होतो. ही म्हणाली, त्यात तुमचं कौतुक नाहीये.

परतताना मीही तिच्याबरोबर चालत आलो. वाटेत दोनदा बसलो; दोन्ही वेळा ती माझ्यासाठी थांबली. एकतीस वर्षं या बाईबरोबर संसार करतोय, पण तिची खरी उंची मला त्या रस्त्यावर, मागून चालताना दिसली.

साडूंना नमस्कार.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. : मनाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, की हिने आता रोज पंधरा मिनिटं पुन्हा गाडीत, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसावं. शेजारी मात्र जवळचं, शांत, अजिबात घाई नसलेलं माणूस हवं. ताई, तुम्हाला रिकामा रस्ता ओलांडायलाही दहा मिनिटं लागतात, आणि साठी आली तरी तुम्ही स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तेव्हा महिनाभर इकडे या आणि गाडी शिका. मी सुचवलं म्हणून सांगू नका, तुमचीच जुनी हौस आहे म्हणा.

ता. क. २ : तुम्ही विचाराल, घरात नवरा असताना बहीण कशाला? परवा स्टिअरिंगवर मी बसलो होतो. मोकळं मैदान, पहिला गिअर. मैदानात एकच झाड होतं. ही घरी आली, पाणी प्यायली आणि वकीलबाईंना फोन लावून शांतपणे विचारलं, नवऱ्यावर असाच दावा लावता येतो का. त्या 'येतो' म्हणाल्या. लवकर या.