विटाळ म्हणे अनंताला!

अहो,

आज भावजींनी असं काही केलं की हसू आवरेना, आणि सांगायला घरात माणूस नाही. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, आता भोगा!

तुम्ही खालापुराहून अनंताची रोपं आणलीत आणि ती लावायच्या आधीच तापानं गेलात. मग मीच लावली, परसात. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. तुमच्या थोरल्या भावाला तेवढंच हवं होतं. मी समोर उभी, आणि सांगतात जावेला, "तिला सांग गं, झाडाला हात लावायचा नाय. रांडावलेल्या बाईचा हात लागला, म्हणून पिवळं पडलंय."

काय ही विद्वत्ता!

मग स्वतः कामाला लागले. खाचरातला चिखल आणून बुंध्याशी थापला. रोज सकाळी तीर्थ म्हणून घागरीच्या घागरी ओतल्या. कडावचा भगत आणून लिंबं उतरवली. झाडं बिचारी डबक्यात उभी!

मुळाशी कुजका वास येत होता. त्यांना कुठला यायला? ते जेवून घोरायला लागले की मी जायची. चिखल काढला, डोंगराकडची तांबडी माती नि पालापाचोळा घातला, चर खणला. त्यांचं तीर्थ चरातून वाहून जायचं, त्यांना पत्ता नाही. पिवळी पानं गळली, नवी आली ती हिरवीगार.

आज कुंभिवलीचे पाहुणे आले. भावजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बघा, माझ्या हातानं जगली झाडं."

मी दारात आले. "भावजी, चर मी खणलाय. हात माझाच लागलाय, रोज."

पाहुण्यांचा विडा हातातच राहिला. भावजी लालबुंद, पण बोलले कोणाशी? जावेशीच! "हिला सांग, उद्या सगळी उपटून टाकतो."

आणि जाऊ, जन्मात उलट न बोललेली, म्हणाली, "ती समोरच हाय. तुमीच सांगा की."

भावजी चपला शोधत बाहेर गेले.

तुमच्यावरही राग आहे माझा. त्यांच्यापुढे मान खाली घालून बसायचात. घाबरायचात कोणाला? ह्या माणसाला? मला आधी का नाही सांगितलंत, की तो एवढासाच आहे!

असो. एकही झाड उपटू देणार नाही. कळ्या धरल्यात. पहिलं फूल देवाला नाही, भावजींना तर नाहीच. ते मी केसांत माळणार आणि दहिवलीच्या भर बाजारातून चालत जाणार. शब्द देते तुम्हाला.

तुमचीच,
यमुना