स्टॅबिलायझरवरचा डबा

निपाणी, शुक्रवार, १४ ऑगस्ट १९८७

लाज वाटतेय, दुसरं काही नाही. दुपारी कारखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला आणि उसाच्या सगळ्या नोंदी गेल्या. साहेबांना मी ऐटीत सांगितलं, कॉप्या आहेत, तासाभरात चालू करतो. फ्लॉप्यांचा डबा उघडला. एकही वाचली जाईना. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून दोन महिने तो डबा गरम स्टॅबिलायझरवर ठेवलेला. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकानं सगळं पुसलं. ही अक्कल माझीच.

शेवटी टायपिस्ट शांताआक्कांनी कपाटातून आपली वही काढली. रोजच्या नोंदी त्या हातानं उतरवून ठेवतात. त्यावरून मी त्यांना किती हसलोय. का हसत होतो?

"घ्या अण्णा," म्हणाल्या, "मी वाचून दाखवते, तुम्ही भरा. हुतंय सगळं."

टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मग चार वाजता साहेबांनी कॉपीचं रजिस्टर मागितलं. 'कॉपी वाचून पाहिली', आणि पुढं माझी सही. रोज. एकदाही पाहिली नव्हती. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

ती ओळ आज संध्याकाळच्या कॉपीची होती. सही मी सकाळीच करून टाकलेली.