पाच आसरा इकडे, दोन तिकडे

चिरंजीव भाऊ डोमाजी यास, मुक्काम बाभुळगाव.

फुलसावंगीहून तुझी बहीण तुळसाबाई हिचा आशीर्वाद. कोण तुळसाबाई, असं मनात आलं असेल तर सुनेले विचार, तिले माहीत आहे. मागल्या साली तू माझ्या घरी चष्मा विसरला, चष्म्यासाठी फोन केला, अन् फोन कायले केला तेच विसरून पाऊसपाणी विचारून ठेवून देला. चष्मा फळीवर आहे. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथंच आहेत, मीच पुढं जातो, ते काही मागं येत नाहीत.

(हे फोनवरच सांगितलं असतं, पण या घरात माझा फोन सारे मिळून ऐकतात. म्हणून धम्मरत्न गुरुजींच्या ओट्यावर बसून लिहून घेऊन राह्यली. गुरुजी देवधोंडे मानत नाहीत, पण माझं बिनतक्रार लिहितात. शिव्या तेवढ्या गाळतात.)

तर आपल्या वावराची वाटणी झाली, हे तुले कळलंच आहे. घनश्याम अन् गोविंदा, दोघंही माझ्याच पोटचे, दोन साल झाले एकमेकाशी बोलत नाहीत. मोजणीवाला आला, त्यानं दोरी ताणली, अन् दोरी गेली विहिरीच्या काठावरून, बरोबर पाण्याच्या देवींच्या, साती आसरांच्या मधून. शेंदराचे पाच धोंडे घनश्यामकडे आले, दोन गोविंदाकडे गेले. जलमभर एका ओळीत बसलेल्या बहिणी, त्यायले कोणी विचारलं नाही. मलेही नाही. माझी वाटणी तर महिन्यावर आहे, एक महिना या घरी, एक त्या घरी. आखाड घनश्यामचा आला.

आखाडातल्या अमावस्येची आपली रीत तुले ठाऊक आहे (ठाऊक होती). एका ताटातला दहीभात सातींले ओळीनं वाढायचा, अन् सातवीले वाढेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तोंड न उघडणं मले किती जड, ते तू जाणतोस. आदल्या दिवशी मी गोविंदाच्या फाटकाशी गेलती. कुलूप. त्याची बायको आतूनच म्हणाली, "आत्याबाई, हा महिना तिकडचा आहे ना? पुढल्या महिन्यात या." घनश्यामले सांगितलं तर तो म्हणे, "माय, पाच काय कमी आहेत काय? त्यायलेच दोन-दोन घास जास्त वाढ."

मग मी डोकं चालवलं. तुरीच्या लांब काडीले, तुराटीले, पळी बांधली. पाच जणींले हातानं वाढलं, सहावीसाठी पळी गोविंदाच्या कुंपणाच्या तारेखालून घातली. आता गोविंदानं रानडुकरांसाठी तारेवर झटका मशीन लावली आहे. दिवसा बंद असते म्हणतात. माकडं आली म्हणून त्या दिवशी सुरू होती. तुराटी पावसानं ओलीचिंब, पळी लोखंडाची. असा झटका बसला भाऊ, की ताट उडालं, दहीभात माझ्या डोक्यावर, अन् मी चिखलात. तोंडातून जे निघालं ते गुरुजी लिहीत नाहीत. मौन गेलं, पूजा गेली.

पण ऐक. माझा आवाज ऐकून दोघंही पळत आले, एक इकडून, एक तिकडून. दोन सालांत पहिल्यांदा तारेशी समोरासमोर उभे राह्यले. मी चिखलात पडल्या पडल्या म्हटलं, चला, आसरांनी दहीभाताचं चीज केलं. तर घनश्याम म्हणे, "तुझ्या मशीननं माय मेली असती." गोविंदा म्हणे, "पडली तुझ्या हद्दीत, तू पाहून घे." अर्धा घंटा भांडले. मले उचललं कोणी? दोघांनीही नाही. मी आपली उठली, केसातला भात वेचला अन् घरी आली.

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. झटक्यानं नाही.

बाकी ठीक. सुनेले आशीर्वाद.

तुझी बहीण,
तुळसाबाई (अंगठा)

ता. क. – तू ये. मामाले कोणता भाचा फाटकाशी अडवीन? येत्या अमावस्येले तू गोविंदाकडे उतर, मी घनश्यामकडे राह्यतो, त्याच्याकडे महिना वाढवून मागीन. मशीन बंद करून घे, मी तारेखालून ताट सरकवीन. पुढच्या दोघींले तू वाढ. अन् तोवर बोलू नको.

आणखी एक. आधी आसरा सहाच होत्या, हे तू विसरला असशील. माझी पहिली लेक, शेवंती, त्या विहिरीत गेली, तेव्हा सहा वर्षांची होती. तेराव्याच्या दिवशी तू बेंबळा नदीच्या पात्रातून एक गुळगुळीत धोंडा धोतरात बांधून आणला अन् ओळीच्या शेवटी ठेवला. बोलला काहीच नाही, मीही विचारलं नाही. तवा ही दोन्ही पोरं झालीच नव्हती, त्यायले कोण सांगणार? मी आजवर सातवीलेच आधी पाहत आली. आता ती तारेपलीकडे आहे. तूच ठेवली, तूच वाढ. (गुरुजी थांबले होते. मी म्हटलं, लिहा.)

येणं जमलंच नाही तर निदान बोरकूट धाड, गोविंदाच्या पत्त्यावर. एकच पुडी कर. मीठ कमी टाकजो, तिले खारट चालत नव्हतं.