टाळूवरच्या मुंग्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की डोळे मिटतात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आलं की बाबांचं डोकं बघायचं. त्यांना टाळूवर मुंग्या चालल्यासारखं होतं. उवा असतील म्हणून बारीक फणी फिरवली, औषध लावलं, उशा उन्हात टाकल्या. दुकानातलं भिंग आणून केस न् केस पाहिला. काही नाही. तसं सांगितलं की बाबा म्हणतात, तुझाच नंबर वाढलाय, आधी स्वतःचा चष्मा बदल.

हल्ली माझंही डोकं वळवळतं.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, पुरे झाले बाबांचे लाड! आई गेल्यापासून त्यांना सतत कुणीतरी जवळ लागतं, एवढंच. मी त्यांना वेगळं पत्र टाकून चांगलं दटावलंय. आणि तूही खाजवायला लागलास तर येऊन दोघांचाही चकोट करीन. इथे शाळेत परीक्षा चालू आहेत, पेपर तपासून मान मोडली.

जिव्हाळा असाच राहू दे.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर बाबा गप्प झाले. सारखी टोपी घालून बसायचे. मला वाटलं, सुटलो. परवा टोपी धुवायला घेतली तर आतून रक्ताने कडक झालेली. विचारलं तर म्हणाले, ताई रागावलीय, तिला कळवू नकोस.

डॉक्टरांनी कातडी पाहिली, साखर, थायरॉईड, जीवनसत्त्वं तपासली. सगळं ठीक. मग त्यांनी चालू गोळ्या मागितल्या. हाताच्या थरथरीची गोळी मध्यंतरी वाढवली होती ना, तिच्यानेही असे भास होतात म्हणे. ती आता त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची.

निघताना त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही कधीपासून खाजवताय. मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तिथे बाकावर वाट बघता बघता मला झोप लागली. वेड लागलंय का, एवढंच मी त्यांना विचारलं. त्या नाही म्हणाल्या. डोक्यात काही नाही, पण जाणवतं ते खोटंही नाही. झोप तुटलेली आणि काळजी पोखरतेय, असं म्हणाल्या. मला रडूच फुटलं. ताई, मी फार दमलोय गं.

राग धरू नकोस.
धाकटा

६ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच बाबांना न्यायला आले. तेव्हा दारात तुला ओळखलंच नाही. ते तोंडावर बोलवेना, म्हणून आता लिहिते. दटावायच्या आधी एकदा येऊन बघायला हवं होतं मी.

बाबा बरे आहेत. गोळी कमी झाल्यापासून मुंग्या जवळजवळ गेल्या. जखमही भरली. एकटेच कोपऱ्यापर्यंत फिरून येतात. मी मात्र आठवड्यातच अर्धी झाले, तू कसं निभावलंस कोण जाणे. इतक्यात त्यांना परत मागू नकोस. डॉक्टरीणबाईंनी दिलं असेल ते औषध घे आणि पोटभर झोप.

काल बाबांच्या डोक्याला तेल लावत होते. मध्येच त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, धाकट्याचं डोकं कोण बघतं गं आता? रविवारी आम्ही दोघं येतोय.

तुझीच,
ताई